आयएसबीएन म्हणजे स्वामित्वहक्क नव्हे

परभणी, नांदेड, लातूरच्या नवोदित लेखकांमध्ये, ‘आयएसबीएन मिळाला म्हणजे पुस्तकाला सरकारी मान्यता मिळाली आणि लेखनावरचा हक्कही सुरक्षित झाला’, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी कष्टाचे पैसे खर्च होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आयएसबीएन हा पुस्तकाची विशिष्ट आवृत्ती ओळखण्यासाठीचा तेरा अंकी क्रमांक आहे. विक्रेते आणि ग्रंथालये यांना त्याचा उपयोग होतो, मात्र त्यातून दर्जाची हमी मिळत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही थेट अर्ज करू शकतो. म्हणूनच या क्रमांकाचे ‘शासकीय शुल्क’ कोणी मागितले, तर ते देऊ नये.

स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट, १९५७ च्या कायद्यानुसार लेखन कागदावर उतरताच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढेच. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

खरी काळजी घ्यावी ती प्रकाशकाशी होणाऱ्या कराराची, आणि नेमका तोच न वाचता सही केला जातो. हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते, त्यात मानधन किंवा रॉयल्टीचा उल्लेख हवा. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मानले जाते.