गुठळी जुनी की ताजी?

डेंग्यूच्या साथीत घरोघरी एकच प्रश्न असतो, ‘प्लेटलेट किती?’ आकडा दीड लाखाच्या खाली उतरला की नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी; त्या नको तिथे कामाला लागल्या तर काय होतं, हे मात्र पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या माणसाला विचारावं.

अशा माणसाची पोटरी वर्षभराने पुन्हा सुजली तर डॉक्टरांची पंचाईत होते. डॉपलर सोनोग्राफीत शिरेतला अडथळा दिसतो. पण तो गेल्या वर्षीचाच, आता व्रणासारखा घट्ट झालेला, की काल-परवा धरलेला? ताजी गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं तातडीने हवीत. जुनी असेल तर त्याच औषधांनी रक्तस्रावाची जोखीम विनाकारण वाढते. गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे मोजणारी डी-डायमर ही रक्तचाचणीही इथे पुरत नाही. शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात किंवा नुसत्या जंतुसंसर्गातही ती वाढलेली येते.

ताजेपणाची खूण प्लेटलेटच्या अंगावरच असते. तिच्या पृष्ठभागावर जीपी-२बी/३ए नावाच्या प्रथिनाचे सुमारे ८०,००० रेणू असतात. रक्तात नुसती फिरत असताना हे प्रथिन वाकून मिटलेलं असतं. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट जागी होते, प्रथिन ताठ होऊन उघडतं आणि फायब्रिनोजेन या रक्तातल्या, गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाला धरतं. फायब्रिनोजेनचं दुसरं टोक शेजारच्या प्लेटलेटच्या हाती, आणि अशी साखळी वाढत जाते. ग्लान्झमान विकारात हे प्रथिन जन्मतःच नसतं किंवा निकामी असतं. त्या रुग्णांच्या प्लेटलेटची संख्या अगदी नॉर्मल, तरी रक्त थांबता थांबत नाही. संख्येवर फार विसंबू नये, ते यासाठीच.

आता फुरशाकडे वळू. कोकणात कातळावर, दगडांखाली सापडणारा हा हातभर साप चावला की हिरड्यांतून, जखमेतून रक्त वाहत राहतं. त्याच्या विषात अनेक घटक आहेत. त्यांपैकी एकिस्टॅटिन हे ४९ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. त्यातला आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा तीन घटकांचा क्रम फायब्रिनोजेनमध्येही आहे, म्हणून एकिस्टॅटिन नेमकं जीपी-२बी/३एवर जाऊन बसतं आणि साखळी तुटते. याच नमुन्यावरून टिरोफिबान हे हृदयविकारातलं औषध घडवलं गेलं. मग पुढची कल्पना ओघानेच आली: त्या जागी बसणाऱ्या रेणूला किरणोत्सारी अणू जोडला, तर गुठळी कॅमेऱ्याला दिसेल.

त्याआधीचा मार्ग जिकिरीचा होता. १९७६ साली इंडियम-१११ या किरणोत्सारी अणूने प्लेटलेट चिन्हांकित करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. रुग्णाचं रक्त काढायचं, प्लेटलेट वेगळ्या करायच्या, त्यांना इंडियम चढवायचं, परत टोचायचं आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. हाताळताना प्लेटलेट दुखावल्या की सगळं मुसळ केरात.

१९९८मध्ये अमेरिकेत अ‍ॅपसिटाइड या पेप्टाइडला, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला, मान्यता मिळाली. टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी अणू जोडलेलं हे पेप्टाइड थेट शिरेतून द्यायचं, आणि पायातली ताजी गुठळी गॅमा कॅमेऱ्यावर उजळते. शास्त्र चोख होतं, तरी ते बाजारात टिकलं नाही. खाटेपाशी आणता येणाऱ्या, किरणोत्सर्ग नसलेल्या डॉपलरशी स्पर्धा सोपी नव्हती.

म्हणून डॉपलर जिथे पोचत नाही, तिथेच या तंत्राचं खरं काम आहे असं मला वाटतं. सध्या संशोधनात असलेला जीपी-१ हा रेणू त्याच प्रथिनाला, मुख्यतः जागृत अवस्थेत, चिकटतो. त्यावर फ्लोरीन-१८ असतं, कॅन्सरच्या पेट स्कॅनमध्ये वापरतात तेच. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, त्यामुळे ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळपास हवं. तालुक्याच्या दवाखान्याला हे इतक्यात परवडणारं नाही. दक्षिण कोरियात पायाच्या शिरा आणि फुप्फुसांतल्या गुठळ्यांवर त्याची चाचणी झाली. एडिनबरामध्ये तो हृदयात जैविक, म्हणजे प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या, कृत्रिम झडपा बसवलेल्या रुग्णांना दिला, तेव्हा मूळच्या झडपा कोऱ्या राहिल्या आणि कृत्रिम झडपा मात्र सगळ्याच उजळल्या, सीटी स्कॅनमध्ये गुठळीचा मागमूस नसलेल्यासुद्धा. म्हणजे परक्या झडपेवर प्लेटलेटची थोडीफार वर्दळ असतेच. ती किती वाढली की औषध सुरू करायचं, हे आता हृदयरोगतज्ज्ञांना ठरवायचं आहे.