मोरे-स्युर-ल्वँ

मोरे-स्युर-ल्वँ (उच्चार आपल्या मोरे आडनावासारखाच) हे फ्रान्समधलं नदीकाठचं छोटंसं गाव, पॅरिसच्या आग्नेयेला, फोंतेनब्लोच्या जंगलाला लागून. नावाचा अर्थ एवढाच की ल्वँ नदीवरचं मोरे. गावापासून थोडं पुढे गेलं की सँ-मामेस इथे ही नदी सेन नदीला मिळते. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून ट्रेनने साधारण पाऊण-एक तासात पोचता येतं.

हे गाव समजून घ्यायचं तर पुलापासून सुरुवात करावी. मध्ययुगात हे राजाच्या हद्दीच्या टोकाचं ठाणं होतं, म्हणून पुलाच्या तोंडाशी बर्गंडी दरवाजा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला सामुआ दरवाजा, दोन्ही अजून उभे आहेत आणि त्यांना जोडणारा मेन रोड आजही तोच. पुलाखाली पाण्याला चांगली ओढ असल्याने तिथेच पाणचक्क्या बसवल्या, दळण तिथेच व्हायचं, आणि बायका काठावर धुणं धुवायच्या. नदी मात्र बोटींना फारशी सोयीची नव्हती, म्हणून अठराव्या शतकात तिच्या शेजारून कालवा खणला, आणि मालाच्या लांबलचक बोटी चालवणाऱ्या कुटुंबांची वस्ती सँ-मामेसला वाढली.

चित्रकार आल्फ्रेड सिस्ले (१८३९–१८९९) इथे का आला याचं कारण अगदी घरगुती आहे. १८८१ मध्ये त्याने आपल्या चित्रकार मित्राला, मोनेला, पत्रात कळवलं की इथे भाड्याची घरं ६०० ते १००० फ्रँकमध्ये मिळतात, आठवड्याला बाजार भरतो, चर्च सुंदर आहे. आधी तो आसपासच्या गावांत राहिला, १८८९ पासून मोरेतच. पूल, चक्क्या, पॉपलरची झाडं, कालवा हेच त्याने पुन्हा पुन्हा रंगवलं, आणि १८९३-९४ मध्ये गावातलं नोत्र-दाम चर्च वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या उजेडात, जवळपास एकाच कोपऱ्यावरून. जन्म पॅरिसचा, आयुष्य इथलं, पण आईवडील इंग्रज म्हणून शेवटपर्यंत त्याला फ्रेंच नागरिकत्व काही मिळालं नाही, याचं खरंच वाईट वाटतं. त्याची कबर मोरेतच आहे.

गावाची दुसरी ओळख म्हणजे इथली बार्लीची गोळी. १६३८ पासून बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या नन्स ती करायच्या. बार्ली उकळून तिचं पाणी काढायचं, त्यात साखर घालून कडक पाक करायचा, मग गार व्हायला ओतायचा. गोळी पिवळसर, काचेसारखी आरपार दिसणारी. भाषणं देणारे, गाणारे लोक घशासाठी चघळायचे. पुलाजवळच्या एका जुन्या पाणचक्कीत आता याचंच छोटं म्युझियम आहे.

नदी म्हटली की पूर आलाच. मे २०१६ च्या शेवटी जोरदार पाऊस झाला आणि जूनच्या सुरुवातीला ल्वँ इतकी फुगली की वरच्या अंगाच्या नेमूर गावात पाणी १९१० च्या महापुराच्याही वर गेलं. मोरेतही काठालगतच्या घरांत पाणी शिरलं, लोकांना घरं सोडावी लागली. त्याच सुमारास आसपासची गावं जोडून मोरे-ल्वँ-ए-ऑर्वान अशी एकत्र नगरपालिका झाली, तरी लोकांच्या तोंडी नाव अजून मोरेच.