रस्त्यावरील युवासंपर्क (ग्रामीण विदर्भ)

तरुणांनी केंद्रात, शिबिरात वा दवाखान्यात येण्याची वाट न पाहता ते एरवी जिथे बसतात तिथे जाऊन ओळख वाढवण्याची समाजकार्यातील पद्धत. व्यसन, लैंगिक आरोग्य, शिक्षणातील गळती आणि रोजगार हे तिचे नेहमीचे विषय.

उगमाबद्दल एकमत नाही. समाजकार्याची पाठ्यपुस्तके तिचा आरंभ सामान्यतः १९३० च्या दशकातील शिकागोत, समाजशास्त्रज्ञ क्लिफर्ड शॉ यांच्या प्रकल्पात दाखवतात. ब्रिटनमध्ये युवासेवांवरील १९६० च्या अल्बमार्ल अहवालानंतर तिला बळ मिळाले. काहीजण गोंड समाजातील गोटुलाकडे, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामूहिक घराकडे, बोट दाखवतात. पण गोटुल ही समाजाने स्वतः चालवलेली, नियमबद्ध संस्था; तिथे बाहेरून येणारा कार्यकर्ता नाही, त्यामुळे हे साम्य वरवरचे ठरते. तिसरे मत गाडगेबाबांशी (१८७६–१९५६) नाते जोडते. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावकऱ्यांना वऱ्हाडीत प्रश्न विचारत कीर्तन रंगवायचे, हा त्यांचा क्रम होता. तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) खंजिरी-भजनांतून आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांतून तरुणांना कामाला जोडले. विदर्भापुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोघांचाही रोख अख्ख्या गावावर होता, निव्वळ तरुणांवर नव्हे. म्हणून याला परंपरेपेक्षा पूर्वपीठिका म्हणणे बरे.

१९७२ पासून सरकारच्या नेहरू युवा केंद्रांनी युवक मंडळांमार्फत काम केले. जो पोरगा मंडळात येतच नसे, तो त्यातून सुटत असे. गडचिरोलीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ने दारू-तंबाखूविरोधी काम थेट गावागावांत नेले.

कामाचे मुख्य ठिकाण पानठेला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा तयार होईपर्यंत गिऱ्हाईक उभे असते, आणि गप्पांना तेवढाच अवकाश मिळतो. पहिल्याच भेटीत खर्ऱ्यावर बोलणारा कार्यकर्ता पुढच्या वेळी एकटाच उभा राहतो. ठेलेवाल्याचे पोट त्यावरच चालत असल्याने त्याला दुखवूनही चालत नाही. जागा पोरांची, कार्यकर्ता पाहुणा. आधी क्रिकेट, भरती, सोयाबीनचा भाव, आणि बाकीचे नंतर. दुसरे ठिकाण पहाटेचा डांबरी रस्ता. पोलीस भरतीसाठी मुले १६०० मीटरचा, मुली ८०० मीटरचा सराव तिथेच करतात. धाप लागलेल्या उमेदवाराशी तंबाखूचा विषय काढणे ठेल्यापेक्षा सोपे जाते. आठवडी बाजार आणि एस.टी. स्टँड ही इतर ठिकाणे. कापूस वेचणीत आणि, पूर्व विदर्भात, मे महिन्यातील तेंदूपत्ता (बिडीची पाने) तोडणीच्या दिवसांत पोरे कामावर असल्याने हे सारे कट्टे ओस पडतात.

मुली ठेल्यावर नसतात. शाळेसाठी सरकारच्या मानव विकास योजनेतील निळ्या बसची वाट पाहणाऱ्या मुलींशी थांब्यावर बोलता येते, पण तिथे स्त्री कार्यकर्तीच हवी. शिवाय बस आली की बोलणे अर्धवट राहते. शाळा कायमची सुटलेल्या, लग्न ठरलेल्या मुलींपर्यंत ही पद्धत फारशी पोचत नाही.