बुडाखालच्या स्प्रिंगा कुठे गेल्या?

पुण्याहून बाइकवर गोव्याला निघालेला माणूस साताऱ्यापर्यंत खुशीत असतो. कराडच्या पुढे तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकायला लागतो. कोल्हापूर येईतो फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवतो, आणि तिथून पुढे त्याला चहाची तल्लफ जरा जास्तच वेळा येते. गाडी दीड लाखाची असो की सहा लाखांची, यात फारसा फरक पडत नाही. मग मित्र सल्ला देतात, "सीट मऊ करून घे." निम्म्या वेळा या सल्ल्याने दुखणं वाढतं. ते का, हे कळायला सीटचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

१८८५ साली जर्मनीत गॉटलीब डायमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोल इंजिनाची पहिली दुचाकी बनवली. सांगाडा लाकडी होता, चाकंही लाकडीच, आणि इंजिनाच्या बरोब्बर डोक्यावर घोड्याच्या खोगिरासारखी कमानदार चामडी बैठक. त्या नोव्हेंबरात डायमलरचा मुलगा पॉल ती घेऊन कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत गेला. इंधन पेटवणारी तापती नळी सीटच्या खालीच होती, त्यामुळे वाटेत सीटनेच पेट घेतला असं सांगतात. बैठकीच्या त्रासाची सुरुवात इतकी शब्दशः झालेली दुसरी गाडी नसावी.

पुढची बरीच वर्षं मोटरसायकल म्हणजे इंजिन लावलेली सायकल होती, आणि सीटही सायकलवरूनच आली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीने १८८२ मध्ये चामड्याच्या सॅडलचं पेटंट घेतलं होतं. तिची रचना बघण्यासारखी आहे. आत भरलेलं काहीच नाही. जाड चामड्याचा एकच तुकडा पुढच्या आणि मागच्या लोखंडी पट्टीत ताणून बसवलेला, आणि खाली मोकळी हवा. काही महिन्यांत ते चामडं बसणाऱ्याच्या हाडांनुसार दबतं आणि त्याच्याच मापाचं होतं. दुसऱ्या कोणी त्यावर बसलं की त्याला लगेच टोचतं.

मोटरसायकलसाठी हीच सॅडल रुंद झाली आणि तिच्याखाली मनगटाएवढ्या जाड स्प्रिंगा आल्या. त्यांची गरजच होती. पुढच्या चाकाला काहीतरी उसळी देणारी योजना लवकर आली, पण मागचं चाक अनेक दशकं थेट फ्रेमला घट्ट बांधलेलं असे. खड्ड्याचा दणका चाकातून फ्रेममध्ये आणि फ्रेममधून थेट मणक्यात. हार्ले-डेव्हिडसनने १९१२ मध्ये यावर वेगळा तोडगा काढला. सीटचा उभा दांडा फ्रेमच्या नळीत घालायचा आणि त्या नळीतच स्प्रिंग बसवायची. खालची गाडी उड्या मारत राहायची आणि वर माणूस तरंगत राहायचा. थोडक्यात, सस्पेन्शन चाकाला नव्हतं, माणसाला होतं.

यात एक खोट होती. सीट खालीवर व्हायची, पण हँडल आणि फूटरेस्ट होते तिथेच राहायचे. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला कोपर, गुडघे आणि कंबर यांचे कोन बदलायचे. मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबून उलटली की चालक हवेत. तरीही त्या काळात लोकांनी या गाड्यांवर खंड ओलांडले. १९१२-१३ मध्ये कार्ल क्लॅन्सी हेंडरसन मोटरसायकलवरून जगाची फेरी करून आला, तेव्हा धड डांबरी रस्ते होते तरी किती?

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. बेलफास्टच्या मॅकँडलेस बंधूंनी नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीसाठी मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरून खालीवर होणारा दांडा) आणि शॉकअप असलेली फ्रेम तयार केली. शर्यतपटू हॅरॉल्ड डॅनिएलने ती चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, अशी दाद दिली. १९५० पासून ती 'फेदरबेड' याच नावाने ओळखली गेली. गंमत म्हणजे गादीचं हे कौतुक सीटच्या वाट्याला आलंच नाही, ते फ्रेमला मिळालं. रॉयल एनफिल्डची ३५० सीसी बुलेट १९४९ मध्ये मागच्या सस्पेन्शनसह बाजारात आली. हार्लेने मोठ्या गाड्यांना मागचं सस्पेन्शन द्यायला १९५८ उजाडू दिलं, कारण त्यांचा सीटचा दांडा बऱ्यापैकी काम भागवत होता.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. चाकाला शॉकअप आले तशी सीटखालची स्प्रिंग गेली. तोवर सीट हा गाडीच्या यंत्राचा भाग होता, त्यावर इंजिनिअर डोकं चालवत. आता ती नुसती गादी झाली, आणि गादीचा विचार उंची, वजन, रंगरूप आणि खर्च यांच्या नंतर होऊ लागला.

गादीत भरायला नवा मालही तयारच होता. डनलॉपने १९२९ मध्ये रबराचा चीक फेटून त्याचा फोम केला होता. १९५० च्या आसपासच्या ब्रिटिश गाड्यांवर चालक आणि मागच्यासाठी मिळून एकच लांब सीट आली, तिच्यात हाच लॅटेक्स फोम असे. जर्मनीत लेव्हरकुझेनला ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनची रसायनं शोधली होती. त्यातून पन्नासच्या दशकात लवचिक फोम निघाला. तो हलका, स्वस्त आणि साच्यात हव्या त्या आकाराचा ओतता येणारा. आज आपल्या बुडाखाली असतो तो हाच.

आपल्याकडे ही लांब सीट फार रुळली. १९५६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेटचा कारखाना सुरू झाला, १९६० पासून पुण्याची बजाज व्हेस्पा बनवू लागली, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. सुरुवातीच्या स्कूटरींना दोन सुट्या, स्प्रिंगवाल्या सीटा असत. पण घरच्या गाडीवर पुढे पोर, मागे बायको आणि मध्ये आणखी एक पोर अशी वरात निघायची असेल तर सपाट, लांब सीटच हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ चालकामागे एकाच माणसाला परवानगी देतं, तीही नीट घट्ट बसवलेल्या सीटवर. कलम तिथे आणि वरात इथे. त्या सीटचा नकळत एक मोठा फायदा मात्र होता. एकट्याने लांब जाताना वीतभर पुढेमागे सरकता यायचं. टाकीला चिकटून बसा, कंटाळा आला की मागे जा. पायऱ्यापायऱ्यांच्या, मध्येच तुटलेल्या आणि पुढे उतरत्या सीटांनी ही मोकळीक काढून घेतली.

सरकण्याला एवढं महत्त्व का? बसताना वरच्या शरीराचं बरंचसं वजन दोन हाडांच्या टोकांवर येतं. त्यांच्याखालच्या कातडीतल्या आणि मांसातल्या केसासारख्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. युजीन लँडिस यांनी १९३० मध्ये बोटाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीतल्या अशाच रक्तवाहिन्यांमधला दाब मोजला. ज्या टोकातून रक्त आत शिरतं तिथे तो पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटर भरला. बसलेल्या माणसाच्या हाडांखाली दाब याच्या कितीतरी वर जातो. रक्त अडतं, आधी आग होते, मग मुंग्या येतात, मग बधिरपणा. जागा बदलली की रक्त पुन्हा वाहतं. फार मऊ फोमवर पहिली दहा मिनिटं स्वर्ग असतो. मग फोम पूर्ण दबतो आणि हाडं खालच्या प्लॅस्टिकच्या तळापर्यंत पोचतात. शोरूममध्ये बसून पाहिलेली सीट फसवते ती यामुळे.

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या रायडरांना हे लवकर उमगलं. माइक कॉर्बिनने साठच्या दशकाच्या शेवटी सीटा बनवायला घेतल्या. त्यांची ख्याती कडक फोमची आणि खोलगट आकाराची. मऊपणा कमी, पण वजन मांड्यांपर्यंत पसरतं. कॅलिफोर्नियाच्या रसेल कंपनीची 'डे-लाँग' सीट दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरते. दिसायला ती ओबडधोबड म्हणावी अशीच. १९८४ मध्ये तिकडे 'आयर्न बट' नावाची ११ दिवसांची रॅली सुरू झाली. त्याच नावाच्या संघटनेची सॅडलसोअर राइड म्हणजे २४ तासांत १,००० मैल, १,६०९ किलोमीटर. आता आपल्याकडचेही रायडर सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यांवर ती करतात.

आपल्याकडे मात्र सीटचं खरं संशोधन सीटवाल्याच्या टपरीत चालतं. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग. कारागीर सीट उलटी करतो, तळाच्या पिना स्क्रूड्रायव्हरने पटापट उपसतो आणि रेक्झिन सोलून काढतो. तुम्हाला गाडीवर बसवून खडूने खूण करतो, हाडांच्या जागी फोम कापतो, तिथे जास्त दाट फोमचा किंवा जेलचा तुकडा चिकटवतो आणि ग्राइंडर फिरवून कडा उतरवतो. चांगला कारागीर आधी पुढचा उतार भरतो, कारण ब्रेक मारला की माणूस टाकीवर घसरतो तो त्या उतारामुळे. रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा कागद घालायला सांगायला विसरू नका. शिलाईतून आत गेलेलं पावसाचं पाणी फोम आठवडाभर धरून ठेवतो, आणि जून ते सप्टेंबर ऑफिसात ओल्या पँटने बसावं लागतं. सीट दोन सेंटिमीटर उंच झाली तर सिग्नलला पाय टेकतात का, हेही तिथेच बघून घ्यावं.

सीटवर टाकायच्या हवेच्या उशीचा उगम दवाखान्यातला. व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्यांना बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून अमेरिकेतल्या रोहो कंपनीने सत्तरच्या दशकात एकमेकींना जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची गादी काढली. एका कप्प्यावर भार आला की तिथली हवा शेजारच्यात जाते. मोटरसायकलवरची एअरहॉक ही तिचीच बहीण. बहुतेक जण ती टम्म फुगवतात आणि मग डुगडुगते म्हणून नावं ठेवतात. हवा इतकीच हवी की बसल्यावर हाड सीटपासून जेमतेम बोटभर वर राहील.

जाळीचं कव्हर एप्रिल-मेमध्ये उपयोगी पडतं. ते दाब कमी करत नाही, पण घाम वाळवतं, आणि ओलसर कातडी लवकर सोलवटते. जीन्सची जाड शिवण आणि साधी सुती अंडरवेअर यांनी जितक्या राइड खराब केल्या असतील तितक्या सीटनेही केल्या नसतील. सीटवाल्याकडे जाण्याआधी सायकलवाल्यांची पॅडवाली चड्डी एकदा घालून बघा, ती बरीच स्वस्त पडते.