पतेतीची तारीख आणि नाईलचा पूर

पारशी नववर्षाची सुट्टी आपल्याकडे ऑगस्टच्या मध्यावर येते. सरसकट सगळे तिला पतेती म्हणतात, खरी पतेती आदल्या दिवशीची. इराणात मात्र नवरोज मार्चमध्ये, वसंतसंपाताला. मग मुंबईत तो भर पावसाळ्यात कसा? याचा माग काढत गेलं की वाट थेट नाईलकाठी जाते, साडेचार हजार वर्षांहूनही मागे.

इजिप्तमध्ये पाऊस नावालाच. शेती सारी नाईलच्या पुरावर. व्याधाचा तारा वर्षातून सुमारे 70 दिवस सूर्याच्या तेजात दिसेनासा होई आणि एके पहाटे पूर्वेला पुन्हा उगवे. त्याच सुमारास नदीचं पाणी चढू लागे. या ताऱ्याला त्यांनी देवी मानलं, तिचं नाव सोपदेत. वर्षाचे ऋतू तीन: पूर, पेरणी आणि कापणी. प्रत्येकी चार महिने, महिना बरोबर 30 दिवसांचा. उरलेले पाच दिवस ओसायरिस, होरस, सेत, आयसिस आणि नेफ्थिस या देवांच्या जन्माचे. आपल्या पंचांगातला महिना चंद्राबरोबर चालतो, म्हणून अधिक महिना घालावा लागतो. इजिप्तच्या कारभाराने चंद्राचा हात सोडला आणि हिशेब कमालीचा सोपा केला. मला हे त्या लोकांचं पिरॅमिडांपेक्षा मोठं काम वाटतं.

ते रोजच्या व्यवहारात कसं उतरलं होतं, हे ब्रिटिश म्युझियममधल्या चुनखडीच्या एका तुकड्यावर दिसतं. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचा तो हजेरीपट आहे, दुसरा रामसेस या इजिप्तच्या राजाच्या कारकिर्दीच्या 40व्या वर्षातला. सुमारे 40 नावं. नावापुढे गैरहजेरीची तारीख काळ्या शाईत, तिच्या वर लाल शाईत कारण. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे दुखत होते, कुणाला घरी बिअर करायची होती, कुणाला आईच्या पार्थिवाला पट्ट्या गुंडाळायच्या होत्या. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची ही माणसं त्या तारखांमुळे एकदम ओळखीची वाटतात.

या गणनेत एकच उणीव होती. सूर्याचं वर्ष 365 दिवसांहून जवळजवळ पाव दिवसाने मोठं. त्यामुळे दर चार वर्षांनी एक दिवस मागे पडे आणि काही शतकांत पुराचे म्हणवणारे महिने ऐन कापणीत येत. इ.स.पू. 238 मध्ये इजिप्तमधल्या कॅनोपस शहरात जमलेल्या पुरोहितांनी दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस धरायचं ठरवलं. तो आदेश चित्रलिपी, डेमोटिक (इजिप्तची रोजच्या वापरातली लिपी) आणि ग्रीक अशा तिन्हींत दगडावर कोरला, पण रूढ झाला नाही. पुढे ज्युलियस सीझरने अलेक्झांड्रियाच्या सोसिजिनीस या खगोलज्ञाचा सल्ला घेऊन हीच युक्ती रोमला लावली. साचलेली चूक भरून काढायला इ.स.पू. 46 हे वर्ष 445 दिवसांचं करावं लागलं! आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला 29 फेब्रुवारी तिथून आला. रोमचा सम्राट ऑगस्टस याने मग खुद्द इजिप्तलाही तो जादा दिवस लावला. इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांचं कॉप्टिक चर्च अजून तेच कॅलेंडर पाळतं. इथिओपियातही वर्ष 13 महिन्यांचं असतं, तेराव्या महिन्यात पाच किंवा सहा दिवस.

आता पारशांकडे येऊ. इ.स.पू. 525 मध्ये इराणच्या कँबिसिसने इजिप्त जिंकला. झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्या धर्मातल्या, वर्षाची घडण इजिप्तच्या धर्तीवर झाली, असं अनेक अभ्यासक मानतात. घडण खरोखर तीच आहे: 30 दिवसांचे 12 महिने आणि शेवटी गाथांचे, म्हणजे झरथुष्ट्राच्या स्तोत्रांच्या नावाचे, पाच दिवस. मुंबईतले बहुसंख्य पारशी पाळतात त्या शहेनशाही गणनेत लीप दिवस नाही. त्यामुळे नाईलकाठचं वर्ष जसं सरकत होतं, तसंच हेही सरकतं. 2023 साली नववर्ष 16 ऑगस्टला होतं, 2024 पासून ते 15 ऑगस्टला येतं, आणि 2028 मध्ये 14 ऑगस्टला येईल.