भिंतीवर चढणारी सायकल कोण उचलतं?

एप्रिल २००९ मध्ये इंटरनेटवर पाचेक मिनिटांची एक चित्रफीत आली. एडिनबर्गमधल्या सायकलच्या दुकानात मेकॅनिकचं काम करणारा डॅनी मॅकअस्किल नावाचा तरुण तिच्यात शहरभर सायकल घेऊन हिंडतो. तो नुसता रस्त्यावरून हिंडत नाही. दगडी कठड्यांवरून, पायऱ्यांवरून, एवढंच काय, टोकदार लोखंडी कुंपणाच्या वरच्या काठावरूनही हिंडतो. मध्येच छातीएवढी भिंत येते, तो सायकलसकट उडी मारतो आणि भिंतीवर उभा राहतो. खाली घसरपट्टी नाही, फळी नाही, सपाट फरशी.

मी शाळेत फिजिक्स शिकवतो. ती चित्रफीत पाहिल्यावर पुढच्याच रविवारी सोसायटीच्या पार्किंगमधल्या वीतभर उंच कट्ट्यावर मी माझी गिअरची सायकल चढवायला गेलो. जवळ गेलो, हँडल घट्ट धरलं आणि सगळा जोर लावून वर ओढलं. पुढचं चाक चार बोटं उचललं गेलं, मागचं चाक कट्ट्यावर धाडकन आपटलं आणि वॉचमन हसायला लागला. खरं तर त्याआधी मीच हसायला हवं होतं. न्यूटनचा तिसरा नियम दरवर्षी पोरांना शिकवणारा माणूस ज्या चटईवर बसलाय तीच चटई उचलायला निघाला होता. मी हँडल वर ओढतो तेव्हा हँडल मला तेवढ्याच जोराने खाली ओढतं. तो जोर माझ्या पायांतून पेडलवर उतरतो. देणंघेणं आमच्या दोघांतच मिटतं, जमिनीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि सायकल व मी मिळून जो एक गठ्ठा आहे, त्याला वर ढकलू शकणारी गोष्ट एकच, ती म्हणजे जमीन.

डॅनीच्या कसरतींचं मूळ ‘ट्रायल्स’ या खेळात आहे, आणि हा खेळ मुळात मोटरसायकलचा. दगडधोंडे, ओढे, ओंडके यांवरून पाय न टेकवता गाडी काढायची. स्पेनमधल्या कॅटलोनियात मोंतेसा या मोटरसायकल कंपनीशी जोडलेले पेरे पी यांनी आपल्या मुलाला, ओतला, हेच कसब सायकलवर शिकवलं. त्या प्रकाराला नाव पडलं ‘ट्रायलसिन’. स्पॅनिशमध्ये ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’, म्हणून हा बिनइंजिनाचा ट्रायल. पुढे ओत पी जगज्जेता झाला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची जागतिक स्पर्धा १९८६ पासून भरते. तिच्यात २० इंची आणि २६ इंची चाकांचे वेगळे गट असतात. सायकलला सीट नसते. असली तरी तिच्यावर बसायला कुणाला सवड नसते, आणि नसण्याचं खरं कारण पुढे येईलच.

सायकलसकट भिंतीवर चढण्याच्या या उडीला बनी हॉप म्हणतात, म्हणजे सशाची उडी. तिचे दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही चाकं एकदम उचलली जातात. तो शिकायला सोपा, पण उंची फार मिळत नाही. दुसऱ्यात आधी पुढचं चाक उठतं, मग मागचं. भिंतीसाठी हा दुसराच उपयोगी पडतो आणि त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

विटी आठवा. तिच्या निमुळत्या टोकावर दांडू हाणला की आधी दुसरं टोक वर उठतं, मग अख्खी विटी हवेत जाते. सायकलचंही तसंच होतं. स्वार गुडघे वाकवून खाली दबतो आणि कंबर मागच्या चाकाच्याही मागे फेकतो. हात सरळच राहतात. ओढायचं काही नसतं, नुसतं मागे लटकायचं असतं. सायकल मागच्या आसाभोवती फिरून उभी राहायला लागते. २६ इंची ट्रायल्स सायकलच्या दोन चाकांच्या आसांत साधारण १०८ सेंटिमीटर अंतर असतं. ती जमिनीशी ६० अंशांत उभी झाली, तर पुढच्या चाकाचा तळ ९० सेंटिमीटरच्या वर जातो. म्हणजे मागचं चाक अजून जमिनीवर असतानाच पुढच्या चाकाने कमरेएवढी भिंत पार केलेली असते, आणि उडी तर अजून सुरूही झालेली नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. पेडलचा आस मागच्या चाकाच्या आसापुढे सुमारे ३८ सेंटिमीटरवर असतो. सायकल उभी झाली की तोही वर चढतो, साधारण ३० सेंटिमीटर. म्हणजे स्वाराला आयतीच एक पायरी मिळते. आता तो त्या पायरीवर ताठ उभा राहतो, कंबर हँडलला भिडेपर्यंत. शिकवणारे ‘कंबर हँडलला लाव’ असं ओरडत असतात ते याचसाठी. ही पायरी पूर्ण वापरल्याशिवाय उडी मारली तर ते ३० सेंटिमीटर फुकट गेले.

मग खरी उडी. पाय जोरात सरळ होतात आणि टायर जमिनीला रेटतो. समजा या अवघडलेल्या अवस्थेतून स्वार आणि सायकल यांचा मिळून गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येईल तो बिंदू, आणखी ३० सेंटिमीटर वर न्यायचा आहे. त्यासाठी जमीन सोडताना सेकंदाला सुमारे २.४ मीटर इतका वरचा वेग लागतो. हा वेग पायांच्या ४० सेंटिमीटरच्या रेट्यात मिळवायचा, तर ७० किलोचा स्वार आणि १० किलोची सायकल मिळून त्या एका टायरवर सरासरी १४० किलोंचा भार पडतो. तोही पाव ते एक तृतीयांश सेकंदापुरता. यात खास काही नाही, फळीवरचा डबा काढायला उडी मारतो तेव्हा आपण जवळपास हेच करतो. फरक एवढाच की तिथे पायाखाली फरशी असते, इथे मागचं एक चाक.

ही उडी दबल्यावर थांबून मारता येत नाही, ही मात्र नवशिक्याला सांगावी लागणारी गोष्ट. खाली दबताना मांड्या, पोटऱ्या आणि टाचेमागचा स्नायुबंध ताणले जातात. लगेच उसळी घेतली तर त्या ताणाचा काही भाग परत मिळतो. शिवाय दबल्यामुळे स्नायू आधीच आवळलेले असतात, त्यामुळे रेटा पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. दबून दोन सेकंद विचार करत बसलं की हा फायदा विरतो. घरी हातात खडू घेऊन भिंतीशेजारी उडी मारून पाहा, एकदा झटक्यात आणि एकदा बैठकीत थांबून. खडूची खूण फरक दाखवेल.

आता सायकल आणि स्वार दोघेही हवेत आहेत. इथून पुढे गुरुत्वमध्याची वाट ठरून गेली. हातपाय कितीही झाडले तरी ती बदलत नाही. पण भिंतीवर गुरुत्वमध्य चढवायचा नसतो, चाकं चढवायची असतात! स्वार हँडल पुढे ढकलतो. पुढचं टोक खाली येतं आणि तराजूच्या पारड्यासारखं मागचं टोक वर जातं. त्याच वेळी तो गुडघे छातीशी घेतो, सायकल वर येते, तो स्वतः थोडा खाली जातो. किती खाली? वजनांच्या व्यस्त प्रमाणात. दोघांमधलं अंतर ४५ सेंटिमीटरनी कमी झालं, तर १० किलोची सायकल सुमारे ४० सेंटिमीटर वर जाते आणि ७० किलोचा माणूस पाच-सहा सेंटिमीटर खाली येतो. इतका फायद्याचा सौदा बाजारात मिळत नाही. सीट नसते ती इथे कामी येते. सायकल वर येते ती थेट मांड्यांमधून, आणि मध्ये सीट असती तर तो प्रवास अर्ध्यावर आणि फार वेदनादायक रीतीने संपला असता.

ढोबळ बेरीज करा. पायरीचे ३०, उडीचे ३०, गुडघे छातीशी घेऊन सायकलला जागा करून देण्याचे ४०. झाला एक मीटर. अव्वल स्वार याच्याही वर जातात, पण जमाखर्चाची तीन खाती तीच राहतात. आणि या तिन्ही खात्यांत ‘हाताने सायकल उचलली’ अशी नोंद कुठेच नाही. सुरुवातीला हातांनी फक्त लटकायचं, शेवटी ढकलायचं. ताकदवान दंडांची पोरं या खेळात सुरुवातीला मागे का पडतात याचं उत्तर मला इथे सापडलं. त्यांच्याकडे ओढायला जोर असतो, म्हणून ती ओढतच राहतात.

भिंतीपासून उडी किती दूर मारायची, हाही गणिताचाच भाग. जमीन सोडल्यापासून सर्वोच्च बिंदूपर्यंत जेमतेम पाव सेकंद मिळतो. झपझप चालण्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला दोन मीटरने येत असाल, तर तेवढ्यात सायकल अर्धा मीटर पुढे जाते. म्हणजे मागचं चाक भिंतीपासून हात-दीड हात लांब असतानाच जमीन सोडली पाहिजे. उशीर झाला तर चाकाचा पुढचा भाग भिंतीच्या तोंडावर आदळतो. लवकर सोडली तर चाक भिंतीच्या अलीकडेच खाली यायला लागतं.

थोडी चूक मात्र टायर पोटात घालतो. चाकाचा तळ भिंतीच्या काठाला पाच सेंटिमीटर कमी पडला तरी काठ लागतो तो चाकाच्या खालच्या बाजूलाच, उभ्या रेषेपासून ३२ अंशांवर. धक्का बराचसा वरच्या दिशेने मिळतो आणि चाक कुरकुरत चढून जातं. १५ सेंटिमीटर कमी पडलं तर तोच कोन ५७ अंश होतो. मग धक्का मुख्यतः मागे ढकलतो आणि स्वार पाठमोरा खाली येतो. टायरमध्ये हवा कमी ठेवतात, वीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास. रस्त्यावरच्या रेसर सायकलमध्ये याच्या चार-पाच पट असते. मऊ टायर काठाला वेटाळून धरतो, पाल भिंत धरते तसा.

धरल्यावर तिथेच थांबायचंही असतं. त्यासाठी रिमची घासली जाणारी बाजू ग्राइंडरने मुद्दाम खरवडून ठेवतात. काही स्वार तर तिच्यावर किंचित डांबर लावतात. ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी गोठतं आणि असा कर्कश आवाज होतो की गल्लीतली कुत्री उठावीत. गिअरही वेगळे असतात. पुढे १८ दाते, मागे १५ अशी जोडी २६ इंची सायकलवर नेहमी दिसते. त्यात पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर जाते. आपली साधी काळी सायकल पाचेक मीटर जाते. अंतर कमी म्हणजे झटका जास्त. पाव फेरीत पुढचं चाक उठतं. तो झटका लगेच लागावा म्हणून, पेडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये १०८ ठिकाणी पकड मिळण्याची सोय केलेली असते, म्हणजे पेडल साडेतीन अंशही फिरण्याआधी चेन ताणली जाते. साध्या फ्रीव्हीलमध्ये पाय कधी कधी वीस अंश रिकामाच फिरतो. भिंतीपुढे तेवढा उशीर परवडत नाही.

एवढं सगळं समजूनही माझी उडी दोन महिने जमली नाही. समजणं एका खोलीत आणि जमणं दुसऱ्या, असा काहीसा प्रकार आहे. दबल्यापासून टेकेपर्यंत सगळा खेळ एखाद्या सेकंदाचा. डोळ्यांनी पाहून हातापायांना दुरुस्तीचा हुकूम पोहोचायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे ‘आता ढकल’ असं मनात म्हणेपर्यंत ढकलण्याची वेळ टळलेली असते. सगळा क्रम आधीच बांधून, एक गठ्ठा म्हणून सोडावा लागतो. हे बांधणीचं काम लहान मेंदू करतो. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं यांतली तफावत तो टिपतो आणि पुढच्या खेपेला अंदाज जरा सुधारतो. त्यासाठी त्याला चुका लागतात, पण मापातल्या. डोंगराएवढ्या चुकीतून तो फारसं शिकत नाही.

सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींची छायाचित्रं घेतली. हातोड्याचं टोक दर वेळी नेमक्या जागी पडत होतं, पण खांदा, कोपर, मनगट यांच्या हालचाली दर वेळी थोड्या वेगळ्या होत्या. म्हणजे कसबी माणूस एकच हालचाल घोकत नाही, तो तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवतो. म्हणून एकाच कट्ट्यावर शंभरदा उडी मारण्यापेक्षा उंची, वेग, फरशी, माती असं बदलत राहिलेलं बरं.

युरोपात ट्रायल्सवाले उंची सेंटिमीटरमध्ये सांगतच नाहीत. गोदामातली लाकडी पॅलेट एकावर एक रचतात आणि ‘माझी पाच होतात’, ‘मी सहावर अडकलोय’ असं बोलतात. तिथली प्रमाणित पॅलेट १४.४ सेंटिमीटर उंच असते, सात रचल्या की मीटर झाला. अपयश आलं तर वरची काढायची, जमलं की पुन्हा चढवायची. लहान मेंदूला हवी तशी मापातली चूक इथे लाकडात मोजून मिळते. मी पार्किंगमध्ये विटांचे थर रचून तेच केलं. वॉचमनने हसणं सोडून विटा लावून द्यायला सुरुवात केली, आणि अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी मी दीड वीत चढलो. उचलल्याची जाणीव अजिबात झाली नाही. हात हलके होते आणि सायकल पायाखाली आपोआप आल्यासारखी आली.

मग लक्षात आलं की आता खाली उतरायचंय. माझ्या दीड वितीत त्याचं काही वाटलं नाही, पण मीटरभर भिंतीवरून उतरणारा स्वार जमिनीला भिडतो तेव्हा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो. टायर, कोपरं आणि गुडघे यांनी मिळून तो अर्ध्या मीटरच्या दबण्यात जिरवला, तर धक्का वजनाच्या तिप्पट बसतो. घाबरून गुडघे ताठ ठेवले आणि सगळं पाच सेंटिमीटरमध्ये उरकलं, तर एकवीसपट.