लाल कोबीचे स्लॉ आणि कोबीची साधी तोंडीलावणी

लाल कोबीचे स्लॉ म्हणजे कच्चा लाल कोबी अगदी बारीक, लांब चिरून त्याला मीठ, काहीतरी आंबट आणि तेल किंवा मेयोनेज लावून केलेली कोशिंबीर. ती तोंडी लावायला घेतात, तशी पावाच्या दोन कापांमध्ये भरूनही खातात. डच भाषेत ‘कोल’ म्हणजे कोबी आणि ‘स्ला’ म्हणजे सॅलड. ‘कोलस्ला’ हा शब्द डच वसाहतकऱ्यांबरोबर उत्तर अमेरिकेत पोचला आणि १८व्या शतकाच्या अखेरीस ‘कोलस्लॉ’ या रूपात इंग्रजीत आला. पुढे त्यातला ‘स्लॉ’ सुटा झाला आणि आता बारीक चिरलेल्या बहुतेक कच्च्या भाज्यांच्या कोशिंबिरीला ते नाव चालते. पहिला भाग इंग्रजी ‘कोल्ड’ समजून ‘थंड सॅलड’ असा अर्थ लावला जातो, पण तो बरोबर नाही.

लाल आणि हिरवा कोबी हे ब्रासिका ओलेरेसिया या एकाच जातीचे प्रकार आहेत. फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल आणि केल हीसुद्धा याच जातीची भावंडे. लाल कोबीचा गड्डा सहसा अधिक घट्ट असतो आणि पाने जाड, चिवट असतात. कच्च्या लाल कोबीत दर १०० ग्रॅमला सुमारे ५७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तर हिरव्यात ३७ मिलिग्रॅमच्या आसपास.

खरा फरक रंगाचा. तो अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो आणि पदार्थ आंबट आहे की अल्कधर्मी यावर पालटतो. आंबटात तो गुलाबी-लाल होतो, उदासीन पाण्यात जांभळा राहतो, सोडा पडला की निळा आणि मग हिरवट होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल ओळखायला कोबीचे पाणी वापरतात ते याचमुळे. जर्मन भाषेत या एकाच कोबीला रोटकोल, म्हणजे लाल कोबी, आणि ब्लाउक्राउट, म्हणजे निळा कोबी, अशी दोन्ही नावे आहेत. क्षार जास्त असलेल्या जड पाण्यात लाल कोबी उकळला की तो मळकट निळा पडतो आणि करणाऱ्याला वाटते की भाजी बिघडली. तशी ती बिघडलेली नसते. त्याच पातेल्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून ढवळले की रंग डोळ्यांदेखत परत किरमिजी होतो. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यातही रंग काळसर-निळा होऊ शकतो, म्हणून स्टीलचे किंवा इनॅमलचे भांडे घ्यावे.

स्लॉची सगळी मदार चिरण्यावर आहे. बाहेरची दोन-तीन पाने काढून गड्ड्याचे उभे चार भाग करावेत, प्रत्येकातला पांढरा कडक दांडा तिरका कापून काढावा आणि पाने आडवी, शक्य तितकी बारीक चिरावीत. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड काप दातांखाली रबरासारखे लागतात. बारीक किसणीवर किसलेल्या कोबीचा मात्र चुरा होतो आणि पाणी लगेच सुटते, म्हणून धारदार सुरी किंवा काप पाडणारी सपाट किसणी बरी. लाकडी पाट आणि बोटे जांभळी होतात. लिंबाची फोड चोळली की डाग बराच उतरतो.

चिरून झाल्यावर मीठ. अर्धा किलो कोबीला साधारण एक चहाचा चमचा मीठ लावून हाताने चुरावे आणि वीस मिनिटे ते अर्धा तास ठेवावे. मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते. चुरताना आधी हातात कोरडे, खरखरीत लागणारे काप हळूहळू ओले आणि मऊसर होतात, तळाशी जांभळे पाणी साचते. ते पिळून काढावे, मग त्याच कोबीवर दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घालावी. तेल शेवटी, कारण आधी तेल घातले तर ते कापांना माखून बसते आणि आंबटपणा आत मुरत नाही. मेयोनेज घालायचे असेल तर पिळणे टाळू नये. नाहीतर थोड्याच वेळात वाटीत फिकट गुलाबी पाणी तरंगते. गाजर, सफरचंद, कांद्याची पात, भाजलेले तीळ यांची जोड छान जमते. मीठ मुरलेले स्लॉ दुसऱ्या दिवशीही खाण्याजोगे असते आणि चव उलट अधिक एकजीव झालेली असते. मेयोनेजचे मात्र फ्रिजमध्येच ठेवावे.

शिजवलेल्या कोबीची बदनामी जास्त शिजवण्यामुळे झाली आहे. कोबीत गंधकयुक्त संयुगे असतात. चिरल्यावर मायरोसिनेज हे विकर त्यांच्यावर काम करते आणि कच्च्या कोबीची मोहरीसारखी झणझण त्यातून येते. फार वेळ उकळत राहिले तर त्याच संयुगांपासून उग्र, कुजकट वास तयार होतो. हिरव्या कोबीला म्हणून चार-पाच मिनिटे पुरतात. काप थोड्याशा पाण्यात झाकण ठेवून वाफवावेत, पाणी आटताच लोणी, मीठ आणि मिरपूड घालून उतरवावेत. गड्ड्याच्या जाड फोडी दांड्यासकट ठेवून, तेल लावून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये भाजल्या तर कडा तपकिरी होतात आणि मधला भाग गोडसर होतो. कोबीची सर्वांत चांगली चव या भाजण्यातच मिळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लाल कोबीला याउलट सावकाश शिजणे मानवते. जर्मनीत सफरचंद, कांदा, व्हिनेगर, साखर आणि लवंगा घालून तो मंद आचेवर तासभर किंवा अधिक शिजवतात. डेन्मार्कमध्ये असाच ‘रोडकोल’ नाताळच्या जेवणात भाजलेल्या बदकाबरोबर किंवा डुकराच्या मांसाबरोबर वाढतात. यात एक पेच आहे. आंबटामुळे रंग टिकतो, पण पेशींना बांधून ठेवणारे घटक आंबटात लवकर विरघळत नाहीत, त्यामुळे कोबी मऊ व्हायला वेळ लागतो. थोडे व्हिनेगर सुरुवातीला, रंग धरण्यापुरते, आणि उरलेले कोबी मऊ झाल्यावर घातले की दोन्ही साधते.

आंबवलेला कोबी, म्हणजे सॉवरक्राउट, या कुळातला सर्वांत टिकाऊ पदार्थ. चिरलेल्या कोबीच्या वजनाच्या सुमारे २ टक्के मीठ लावून तो इतका चुरतात की स्वतःच्याच पाण्यात बुडतो. वर वजन ठेवून हवेचा संपर्क तोडला की पानांवरचे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पुढचे काम करतात. साधारण २० अंश सेल्सियसला तीन-चार आठवड्यांत तो तयार होतो. क जीवनसत्त्व टिकत असल्याने लांबच्या समुद्रप्रवासात तो स्कर्व्ही या, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाविरुद्ध वापरला गेला. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने १७६८च्या सफरीत त्याची पिंपे जहाजावर नेली होती. लाल कोबी याच रीतीने आंबवला तर आम्ल वाढत जाईल तसतसे बरणीतले जांभळे पाणी लख्ख किरमिजी होत जाते. आंबणे नीट चालू असल्याची ती खूण आहे.